बाद माल

फाटकापाशीच मला आवाज ऐकू आला. आधी काचेवर नखाची टिचकी, मग जरा शांतता, मग खळ्ळकन. पुन्हा टिचकी, शांतता, खळ्ळ.

मी कऱ्हाडच्या एसटी स्टँडवरून बल्बच्या होल्डरांचं पार्सल सोडवून येत होते. पहिल्यांदा वाटलं, शेडमध्ये मांजर शिरलं. पण मांजर इतक्या शिस्तीत काही फोडत नाही. पार्सल काखेत मारून मी धावत सुटले.

आत आमच्या आत्या उभ्या होत्या. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडे सासूला आत्याच म्हणतात. पदर खोचलेला, चष्मा नाकावर ओढलेला, समोर फुटक्या काचेचं पत्र्याचं पिंप आणि शेजारच्या टेबलावर माझे दिवे. एक दिवा उचलायच्या, उजेडाकडे धरून गोल फिरवायच्या, टिचकी मारून कान द्यायच्या आणि पिंपाच्या काठावर आपटायच्या. मेथी निवडत बसलेल्या बाईचा हात चालावा तसा त्यांचा हात चालला होता.

"आलीस व्हय?" मला बघून त्या म्हणाल्या. आवाजात चक्क समाधान होतं. "बरं झालं. एक नग पास निघाला न्हाई बघ. समदा माल बाद हुता. अगं सुरूपा, एक सुदीक सरळ न्हाई! कुनाचं पोट हिकडं, तर कुनाची मान तिकडं. गिऱ्हाइकानं बघितलं असतं तर तुझ्या तोंडावर मारलं असतं."

मी पिंपात डोकावले. निळी, पिवळी, हिरवी काच तळाशी चूर होऊन पडली होती. माझं आणि माझ्याबरोबर काम करणाऱ्या हसनभाईंचं सगळ्या महिन्याचं काम होतं ते. आणि ते घेऊन मला पुढच्या शनिवारी सांगलीला जायचं होतं.

आता आत्यांनी असं का केलं, ते समजायचं तर आमच्या गावातला कंदिलाचा कारखाना माहीत असायला हवा. वीज नव्हती तेव्हा पंचक्रोशीतल्या घराघरांत आमच्या गावची काच असायची. कंदिलावर बसते ना, मधे फुगलेली नितळ काच, ती. माझे सासरे, ज्यांना सगळे दादा म्हणत, तिथं भट्टीवर काच फुंकायचे. आणि आत्या दुसऱ्या टोकाला माल तपासायला बसायच्या. दादांच्या आणि त्यांच्या मधे लांबलचक टेबलं. सरळ, साफ काच पास. जरा बुडबुडा, जरा बाक दिसला की बाद. आणि बाद नग बाजूला ठेवायचा नाही, तिथल्या तिथं फोडायचा, हा कारखान्याचा नियम. बाजूला ठेवला की तो फिरून चांगल्या मालात शिरतो. नवऱ्याचा नग आला तरी आत्यांचा हात थांबायचा नाही. अख्खा कारखाना साहेबाला भीत नसे इतका आत्यांच्या नखाला भीत असे.

पुढं कारखाना बंद पडला. दादांनी घरामागच्या शेडमध्ये लहानशी भट्टी बांधली आणि ती नीट पेटायच्या आधीच ते गेले. मी त्यांना पाहिलंसुद्धा नाही. मी पुण्यात कलाशाळेत काचकाम शिकले, दिगंबरशी लग्न करून इथं आले आणि दुसऱ्याच महिन्यात ती भट्टी पेटवली. सुरूपानं माझ्याशी नाही, भट्टीशी लग्न केलं, असं दिगंबर चारचौघांत सांगतो. मी ते कधी खोडून काढलेलं नाही. फक्त माझं नाव स्वरूपा आहे. आईचं ऐकून तोही सुरूपा म्हणतो.

दादांच्या जोडीला कारखान्यात काच फुंकणारे हसनभाई शिकलगार माझ्याबरोबर आले. आम्ही घरात लावायचे दिवे करायचो. पण साधे नाही. डुलणारे, वाकलेले, झोपेतून उठल्यासारखे दिसणारे. ज्यांना ते आवडायचे त्यांना फार आवडायचे, पण असे लोक आमच्या भागात थोडेच होते. काचेची भट्टी चुलीसारखी नसते, की स्वयंपाक झाला आणि विझवली. ती दिवसरात्र पेटती ठेवावी लागते. विझली तर आतलं काचेच्या रसाचं भांडं तडकतं आणि सगळा खेळ पहिल्यापासून मांडावा लागतो. दिगंबर साखर कारखान्यात नोकरीला. त्यानं निम्मा पगार भट्टीच्या गॅसमध्ये घातला होता. शेवटी तो म्हणाला होता, "दिवाळीपर्यंत बघू. तोवर काम आलं तर आलं. नाहीतर विझवू." हसनभाईंचा पुतण्या गुजरातमधून त्यांना बोलावतच होता. म्हणजे एकदा विझली की विझली.

आणि तेवढ्यात सांगलीचं काम आलं. डॉक्टर शुभदा आठल्ये, दातांच्या डॉक्टर. नवं घर बांधलेलं. त्यांना जेवणाच्या टेबलावर लोंबणारे दिवे हवे होते. "आमच्याकडे सगळे आपापल्या ताटात बघून जेवतात हो," असं त्यांनी मला पहिल्याच भेटीत सांगितलं. "भांडण नाही, काही नाही. नुसते गप्प. असं काहीतरी टांगा, की एकदा तरी कुणी मान वर करेल आणि हसेल." त्यांच्या ओळखीत नवी घरं बांधणारे पुष्कळ होते. हे काम जमलं तर पुढची कामं होती. नाही जमलं तर दिगंबरनं गॅसची चावी फिरवायची, एवढंच उरलं होतं.

त्या कामाचा आत्या चुरा करून उभ्या होत्या.

"आत्या," मी म्हटलं, "तुम्हाला शेडमध्ये कुणी बोलावलं होतं?"

दादा गेल्यापासून त्या शेडमध्ये पाऊल टाकत नसत. त्या दिवशीच का आल्या, हे विचारायचं मला सुचलं नाही. मी फार वाईट बोलले असं आजही मला वाटत नाही. त्या जागी कुणीही बोललं असतं. पण आवाज चढला होता, हे खरं.

"बोलवायचं कशाला?" त्या गोंधळून म्हणाल्या. "तू गेल्या चार राती नीट निजली न्हाईस. म्हटलं, तपासनी तेवढी आपन उरकू. पोरीची अब्रू जाया नको."

"आत्या, ते मुद्दाम वाकडे केले होते."

"मुद्दाम?"

"मुद्दाम."

"कशापायी?"

"कुणाला तरी हसू यावं म्हणून!" मी जवळजवळ ओरडलेच.

आत्यांनी हातातला दिवा टेबलावर ठेवला. फार जपून ठेवला. "हसू यावं म्हून?" त्यांनी विचारलं. मी मान हलवली. त्यांनी पुन्हा तेच विचारलं, "हसू यावं म्हून केलं हुतं?" मग खोचलेला पदर सोडला, डोक्यावरून घेतला आणि माझ्याकडे न बघता घरात निघून गेल्या.

हसनभाई जेवून आले तेव्हा मी पिंपापाशी उकिडवी बसले होते. त्यांनी आत पाहिलं, टेबलाकडे पाहिलं आणि विचारलं, "वैनी आल्त्या का?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"अवो, फोड बघा की. एका जाग्यावर, एका हाताची. एवढी वर्सं झाली, हात अजून तसाच हाय." आणि हा गृहस्थ हसायला लागला. मला त्यांचा इतका राग आला, की मी उठून भट्टीमागं गेले. तिथं मनसोक्त रडता येतं. भट्टीच्या धगीत डोळे लाल झाले असं सांगता येतं.

आत्या त्या दिवशी जेवल्या नाहीत. मी वाढलं, पण बोलले नाही. दिगंबरनं दोघींकडे पाहिलं आणि शहाण्या माणसासारखं सगळं जेवण चुपचाप संपवलं. मला वाटलं, माझ्या बोलण्याचं त्यांना लागलंय. लागू दे, असंही वाटलं.

सकाळी आत्या घरात नव्हत्या. रविवार, गावचा बाजार. मी शेडमध्ये जाऊन कागदावर तेच दिवे पुन्हा काढायला बसले. पण एकदा मन लावून वाकडी केलेली गोष्ट दुसऱ्यांदा तशीच वाकडी काढायला गेलं, की ती नुसती बिघडलेली दिसते. तीन कागद फाडले. हसनभाई नुसते फुंकनळी पुसत बसले होते.

तेवढ्यात आत्या आल्या. दोन्ही हातांत पिशव्या. त्यांनी माझे कागद सरकवले आणि टेबलावर एकेक भाजी काढून मांडायला सुरुवात केली.

पहिला टोमॅटो आला. त्याला नाक होतं. खरंच नाक, मधोमध फुटलेलं, सर्दी झाल्यासारखं. मग एक गाजर आलं, एका पायावर दुसरा पाय टाकून बसलेलं. एकमेकांना चिकटलेली दोन वांगी, नवराबायकोनं पाठीला पाठ लावून रुसून बसावं तशी. पोट सुटलेला, मान वळवून मागं बघणारा दुधी. शेवटी एक ढबू मिरची, जिला बघून मला आमच्या शेजारच्या सरपंचबाईंची आठवण झाली.

"हे काय आणलंत आत्या?"

"नमुना," त्या म्हणाल्या. "नमुन्याबिगर माल तपासाय येत न्हाई. कारखान्यात पैल्या दिवशी नमुन्याची काच हातात द्यायचे. तुझ्याकडं काय हुतं? कागूद. त्यावरनं मला काय कळनार, कुठला वाकडा बरा आन् कुठला वाईट? हा घे. माळव्यावाल्या बायका असला माल म्हशीला टाकत्यात. म्या मागितला तर अख्खा बाजार हसाय लागला. मला म्हनत्यात, आजी, सरळ घ्या की, भाव तेवढाच हाय."

हसनभाईंनी टोमॅटो उचलला, नाक माझ्याकडे केलं आणि म्हणाले, "सूनबाई, ह्याला वाफारा द्या."

मला हसायचं नव्हतं. मी ठरवून चिडलेली होते. पण फस्सकन हसू आलंच, आणि एकदा आलेलं हसू परत घेता येत नाही.

"डॉक्टरीणबाईंनी हे पसंत केलेलं नाही," मी हसू दाबत म्हटलं. "त्यांनी दुसरं चित्र पाहिलंय."

"तिला काय पायजे हुतं?" आत्यांनी विचारलं. "चित्र पायजे हुतं, का मान्सं हसाय पायजे हुती?"

डॉक्टरांना फोन करायचा धीर मला झाला नाही. नाही म्हणाल्या असत्या तर काय करणार होते? आम्ही कामाला लागलो.

असा आठवडा मी पुन्हा पाहिला नाही. हसनभाई नळीचं टोक भांड्यात बुडवून गोल फिरवायचे. मधासारखा घट्ट रस तिच्यावर चढायचा. मी पत्र्यावर लाल काचेची भुकटी पसरून ठेवलेली असायची. त्यात तो तापलेला गोळा लोळवायचा, पुन्हा धगीत धरायचा, मग फुंकर. गोळा फुगायला लागला की आत्या टोमॅटो हातात धरून पुढं यायच्या. "गाल! डावा गाल अजून जरा," असं त्या ओरडायच्या. मग मी चिमट्यानं लाल काच एका ठिकाणी पकडून ओढायची, की नाक बाहेर यायचं. काच तेव्हा चिक्कीच्या पाकासारखी असते. एक क्षण ऐकते आणि पुढच्या क्षणी हट्टाला पेटते. "वर! अजून वर उचल नाक, तो टोमॅटू हाय, हत्ती न्हवं!" आत्यांचा आवाज बाहेर रस्त्यापर्यंत जायचा. तयार नग निववायच्या पेटीत जायचा, कारण काच रात्रभर हळूहळू निवली नाही तर ती आपल्या आपण तडकते.

सकाळी पेटी उघडली की तपासणी. आम्ही दोघं परीक्षेला बसल्यासारखे उभे आणि आत्या चष्मा पुसत पुढं. एका हातात भाजी, एका हातात काच. टिचकी मारून कान द्यायच्या. पहिलं गाजर त्यांनी बघितलं आणि आपटलं.

"आत्या!" मी पुढं धावले.

"मांडी घातली न्हाई त्यानं. नुसता लंगडा दिसतुया. लंगड्याला हसायचं अस्तंय का?"

हसनभाई नळी घेऊन भट्टीकडे वळले. दुपारी दुसरं गाजर झालं आणि दुसऱ्या दिवशी ते पास झालं. पण एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती. आम्ही दोघं हसत होतो, दिगंबर घरी आला की येऊन हसत होता, रस्त्यावरची माणसं डोकावून हसत होती. आत्या मात्र हसत नव्हत्या. कोरड्या चेहऱ्यानं "पास" म्हणायच्या आणि नग माझ्या हातात द्यायच्या. मला वाटलं, अजून राग आहे.

शुक्रवारी दुपारी आम्ही दोघी माल बांधायला बसलो. खोक्यात भाताचा पेंढा, त्यात एकेक दिवा. आत्या टोमॅटो कागदात गुंडाळत होत्या. गुंडाळता गुंडाळता थांबल्या आणि त्याच्या नाकावरून अंगठा फिरवला.

"त्यास्नी पन असंच नाक हुतं," त्या म्हणाल्या.

"कुणाला?"

"तुझ्या सासऱ्याला. लांब. त्यावरनं कारखान्यात चेष्टा करायचे त्यांची." त्यांनी टोमॅटो मांडीवर ठेवला. "मी नवीन लागले हुते तपासनीला. लगीन होऊन वरीस झालं नव्हतं. एक दिस काचा यायल्या टेबलावरनं, एकामागनं एक, आन् मधीच एका काचेला नाक. लांब नाक आन् दोन कान. ह्यांनीच केलेलं. माझ्यासाठी. टेबलावरच्या बायका बघून लोळायच्या बाकी राहिल्या. म्या मान वर केली तर हे भट्टीपाशी नळी धरून हुबं. मी हसते का, ते बघत हुतं."

मी पेंढा हातात धरून तशीच बसले.

"मग?"

"मग काय. हाताला सवय. टिचकी मारली आन् फोडली."

"तुम्हाला हसू आलं नाही?"

"आल्तं की!" त्या एकदम म्हणाल्या, आणि त्यांचे डोळे भरून आले. "लई आल्तं गं. पन हात आदी गेला आन् हसू मागनं आलं. तवर त्यांनी त्वांड फिरीवलं हुतं. रातच्याला जेवताना इचारलं, बाद? म्या म्हटलं, बाद. नियम तसाच हुता की. त्यावर काय बोलले न्हाईत. चांगला संसार केला माझ्यासंगं, कशाला कमी पडू दिलं न्हाई. पन काचंत गंमत पुन्यांदा केली न्हाई कवा. आन् म्या पन कवा म्हटलं न्हाई, की करा म्हून."

तेव्हा मला कळलं, की त्या दिवशी पिंपापाशी त्यांनी मला तेच दोनदा का विचारलं होतं. माझ्या बोलण्याचं त्यांना काहीच लागलं नव्हतं. मी पेंढ्याचा हात तसाच त्यांच्या हातावर ठेवला. यावेळी रडायला मी भट्टीमागं गेले नाही. आत्यांनी पदरानं आधी स्वतःचे डोळे पुसले, मग माझे, आणि म्हणाल्या, "चल, दुधी राहिलाय बांधायचा."

शनिवारी हसनभाईंच्या मेहुण्याचा टेम्पो घेऊन आम्ही तिघं सांगलीला गेलो. आत्यांना मी नको म्हणत होते. "फोडलं म्या, सांगनार पन मीच," म्हणून त्या पुढच्या सीटवर जाऊन बसल्या.

डॉक्टर आठल्ये दारातच उभ्या होत्या. दुसऱ्या दिवशी वास्तुशांत, घरात पाहुण्यांच्या गाद्या येऊन पडलेल्या. मी पहिलं खोकं उघडलं. टोमॅटो निघाला.

"हे काय?" त्या म्हणाल्या. "हे माझे दिवे नाहीत."

मी बोलायला तोंड उघडलं, पण आत्या मधे आल्या. "ताई, तुमचं दिवं झाल्तं. झ्याक झाल्तं. म्या फोडलं. मला वाटलं, वाकडं म्हंजी बिघडल्यालं. जल्मभर सरळ काच बघितली, त्याची खोड. हिची काय चूक न्हाई. हे दुसरं केल्यात. आवडलं तर ठेवा, न्हाईतर परत नेतो."

डॉक्टरांचा चेहरा उतरला. तो मी अजून विसरले नाही. "अहो, पण मी वर्षभर हे घर डोळ्यांसमोर ठेवून..." असं म्हणून त्या थांबल्या. आमच्या तिघांच्या तोंडाकडे पाहिलं असावं. "आता आणलेत तर लावा. उद्या माणसं येणार, नुसत्या वायरी नकोत लोंबायला. पुढं बघू." हे 'पुढं बघू' मला चांगलं माहीत होतं. पाहुणे गेले की दिवे परत, असा त्याचा अर्थ.

हसनभाईंनी आणि डॉक्टरांच्या वायरमननं हिरव्या वायरी टांगल्या. टोमॅटो, वांगी, गाजर, दुधी, ढबू मिरची एका ओळीत जेवणाच्या टेबलावर लोंबायला लागली. टेबलाशी डॉक्टरांचे सासरे कडक इस्त्रीच्या सदऱ्यात पेपर वाचत बसले होते. समोर डॉक्टरांचे यजमान काहीतरी हिशेबाचं काम करत होते, आणि कॉलेजात जाणारा मुलगा फोनमध्ये. तिघंही एका घरातले आहेत हे केवळ नाकावरून कळावं, इतके आपापल्यात.

वायरमननं बटण दाबलं. लाल, जांभळा, केशरी उजेड टेबलावर पडला. आत्यांनी माझा दंड धरला.

मग सासऱ्यांनी पेपर खाली केला. वर बघितलं. "मुकुंदा," ते डॉक्टरांच्या यजमानांना म्हणाले, "ती मान वळवून बघणारी भाजी कोण आहे, ओळखलंस का?"

"दुधी आहे तो, अप्पा."

"दुधी नाही रे. तुझा सातारचा मामा आहे. जेवायला बसला की शेजारच्या पानात काय वाढलं ते असंच बघायचा."

मुकुंदरावांनी वर बघितलं आणि पोटातून असे हसले, की त्यांचे कागद खाली पडले. "आणि हा टोमॅटो तुम्ही आहात. तपकीर ओढल्यावर."

"मी?" अप्पा उखडले. "माझं नाक तसं आहे? ईशान, तू सांग."

मुलानं फोन बाजूला ठेवला. "आजोबा, नाक तुमचंच आहे. पण बाबा गाजर आहेत. रविवारचे असेच बसतात."

मग जी बोलाचाली सुरू झाली, ती थांबेचना. रुसलेली वांगी म्हणजे कोण नवराबायको, यावरून बापलेकांचं कडाक्याचं वाजलं. गाद्या घेऊन येणारा माणूसही दारात थांबून आपलं मत देऊन गेला. डॉक्टर स्वयंपाकघराच्या चौकटीला टेकून सगळं ऐकत होत्या. त्या हसत नव्हत्या.

त्या पुढं आल्या, दिव्यांखाली उभ्या राहिल्या आणि कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "सगळ्यांचं झालं. आणि माझं कुठंय?"

"तुमची भेंडी करू," आत्या लगेच म्हणाल्या.

"भेंडीच का?"

"सडपातळ हाय, आन् टोचती."

त्यावर ते सगळं घर जे हसलं, त्यात डॉक्टरही होत्या. निघताना त्यांनी भेंडी सांगितली, मिरजेच्या बहिणीसाठी वेगळे दिवे सांगितले, आणि वास्तुशांतीला आलेल्या माणसांतून पुढच्या महिन्याभरात आणखी तिघांनी फोन केले. दिवाळी आली. दिगंबरनं भट्टीसमोर पणती लावली आणि विझवण्याचा विषय काढला नाही.

त्या शनिवारी टेम्पोतून परत येताना आत्या बाहेर बघत होत्या. कृष्णेचा पूल ओलांडल्यावर हसनभाईंना म्हणाल्या, "हसनभाई, सोमवारी रस जरा जादा ठेवा. एक कंदिलाची काच फुंकायची. नाक काढायचं तिला. ह्यांचं."

हसनभाईंनी वळून त्यांच्याकडे पाहिलं. त्यांना ती गोष्ट ठाऊक होती. त्या दिवशी ते दादांच्या शेजारीच होते. "कान पन काढू का वैनी?" एवढंच त्यांनी विचारलं.

सोमवारी काच झाली, मंगळवारी पेटीतून निघाली. मी आणि हसनभाई श्वास धरून उभे. आत्यांनी ती उजेडाकडे धरली, गोल फिरवली, टिचकी मारली. त्यांचं तोंड हलायला लागलं, खांदे हलायला लागले, आणि माझ्या लग्नानंतर पहिल्यांदा मी त्यांना खदखदून, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसताना पाहिलं. हसता हसताच त्यांनी ती काच पिंपावर आपटली.

"बाद!" त्या म्हणाल्या. "ह्यांचं नाक याच्यापेक्षा लांब हुतं."

आज आमच्या भट्टीवर बरीच माणसं आहेत. हसनभाई थकले, फुंकायचं काम आता त्यांची मुलगी शबाना करते. आत्यांनी ऐंशी ओलांडली. पण दर सोमवारी पहिला नग ती नाकाची काच असते. मंगळवारी आत्या काठी टेकत येतात, उजेडाकडे धरून बघतात, पोट धरून हसतात आणि फोडतात. कधी नाक आखूड निघतं, कधी कान मोठे. इतक्या वर्षांत एकही पास झालेली नाही.

मागच्या मंगळवारी निघालेली काच मी नीट पाहिली होती. भिंतीवरच्या फोटोतले दादाच जणू समोर आले होते. आत्यांनीही ती नेहमीपेक्षा जास्त वेळ हातात धरली. मला राहवलं नाही.

"आत्या, ही तरी पास करा. अगदी तंतोतंत आहे."

त्यांनी काच पिंपावर आपटली, पदरानं डोळे पुसले आणि माझ्याकडे बघून हसल्या.

"पास केली, तर फुडच्या सोमवारी कोन करंल गं?"